पाच फुटी पलंग

सर, तुमचा पलंग मी पाच फुटांचा काढला होता. चुकून नव्हे. आधी सव्वासहा फुटांचा पलंग संगणकात नीट उभा केला, त्यावर चादर घातली, दोन उशा ठेवल्या, आणि मग सगळं एकत्र पकडून ऐंशी टक्के हा आकडा टाइप केला. आकडा तुम्हीच शिकवलेला. तुम्हाला जाऊन आता वीसहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. पण तुम्ही असतात तरी मी ते टाकलं नसतं. तुम्हाला तुमच्याच भाषेत उत्तर द्यायची हिंमत माझ्यात एकदाच आली आणि ती मी त्या चित्रावर खर्च केली. तुमच्या फोटोला हार घालताना शेजारच्या एका बाईंनी माझा हात दाबला, म्हणाल्या, "गुरू गेले तुमचे." मी मान डोलावली. तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते त्यांना कळलं असतं, तर त्यांनी माझा हात झटकून टाकला असता.

ऐंशीचं दशक संपता संपता मी तुमच्याकडे आले. तुमचं ऑफिस म्हणजे खारी गावाच्या तोंडाशी, स्टीलची भांडी घडवणाऱ्या एका गाळ्यावरचा पोटमाळा. खाली दिवसभर ताटं ठोकली जातायत, वर आपण श्रीमंतांचे हॉल रंगवतोय. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स करून आले होते, सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. तुम्ही ते पाहिलंसुद्धा नाहीत. माझ्या हातात हातोडी दिलीत आणि म्हणालात, "त्या भिंतीत, खिडकीपासून चार बोटं सोडून, खिळा ठोक." मला वाटलं कॅलेंडर लावायचं असेल. तुम्ही खिळ्याला लांब दोरा बांधलात, तो ओढत टेबलापर्यंत आणलात आणि कागदावर ताणून धरलात. खोलीच्या सगळ्या रेघा दूर जिथे मिळतात तो बिंदू टेबलाच्या बाहेर पडतो, म्हणून तो समोरच्या भिंतीवर धरायचा. प्रत्येक नव्या चित्राला नवा खिळा. तुमच्या भिंतीला देवीचे वण असल्यासारखी भोकं होती, आणि त्यातलं प्रत्येक भोक म्हणजे कुणाचं तरी घर होतं.

ती घरं अजून बांधलेली नसायची. बिल्डरकडून अमोनियाच्या वासाची निळी प्रिंट यायची, आणि चार दिवसांत तुम्ही बोर्डावर पोस्टर कलरने अख्खा हॉल उभा करायचात. फरशीत सोफ्याचं प्रतिबिंब, टीपॉयवर सफरचंदं, पडद्यातून येणारा उजेड. बुकिंग ऑफिसात ते चित्र लागलं की लोक प्लॅन बघायचे विसरायचे. मी तुमची भक्तच झाले होते, खोटं कशाला बोलू. केसाएवढी रेघ सरकली तरी तुम्हाला लांबून दिसायची. काम चुकलं तर तुम्ही बोलायचा नाहीत, कागद नुसता बाजूला सरकवायचात. बरोबर असलं तर मागच्या बाजूला लाल पेन्सिलीने बरोबरची एक छोटी खूण. मला पहिली खूण मिळायला वर्ष लागलं. त्या दिवशी मी घरी धावत जाऊन आईला सांगितलं, आणि आईने काही न विचारता स्टोव्ह पेटवून शिरा केला.

मग तुम्ही मला आतलं शिकवायला लागलात. म्हणालात, बघणाऱ्याचा डोळा खोलीत ठेवायचा नाही, भिंतीच्या पलीकडे नेऊन ठेवायचा आणि मधली भिंत चित्रात दाखवायचीच नाही. म्हणालात, दाराच्या मुठीजवळ काही ठेवू नकोस, लोक तुलना करतात. चित्रात माणूस तर कधीच नाही. "माणूस आला की माप कळतं," हे तुमचं वाक्य. आणि पलंग पाचाचा. सव्वासहाचा पलंग पाचाचा काढायचा, त्याच हिशेबाने उशी लहान, टेबल लहान, फुलदाणी लहान. सगळंच लहान झालं की काहीच लहान दिसत नाही, खोली तेवढी मोठी होते. मी विचारलं, "सर, ही फसवणूक नाही का?" तुम्ही ब्रश धुता धुता हसलात. "अगं, फोटोवाला नवरी गोरी काढतोच ना?" मीही हसले. तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं होतं.

नव्वदच्या मध्यावर कधीतरी तो बिल्डर आला. त्याने मुंबईत कुठेतरी संगणकावर केलेलं चित्र पाहिलं होतं. तुमचा बोर्ड त्याने हातभर लांब धरला आणि म्हणाला, "सर, पेंटिंग नहीं, फोटो जैसा मंगता है." तुमचा चेहरा मी पाहिला त्या दिवशी. दोन आठवड्यांनी पोटमाळ्यावर संगणकाचं मशीन आलं. तुम्ही त्याला हात लावला नाहीत. मला बोरिवलीला क्लासला पाठवलंत. तिथून मी आले ती भिंती, खिडक्या, सूर्य सगळं आकड्यांनी उभं करायला शिकून. एक चित्र तयार व्हायला सकाळी दहापासून दुपारी चार वाजायचे. ते वरून खाली एकेक ओळ उमटत यायचं. आधी छत, मग पंखा, मग भिंत, जेवायच्या वेळेला पडदे, आणि सगळ्यात शेवटी पलंग आणि फरशी. मधेच लाइट गेली की परत छतापासून. पूर्ण झालं की खिडक्यांना काळं कापड लावायचं, ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवायचा आणि स्क्रीनचाच फोटो काढायचा. तो फोटो हातात घेऊन लोक विचारायचे, हा फ्लॅट कुठे आहे, बघायला कधी जाऊ? आणि तिथे तेव्हा चिखल आणि बेडूक असायचे.

तुमच्या ब्रशात खोटं कुठून शिरायचं ते दिसायचं नाही, ते हातातच असायचं. मशीनला मात्र ते सांगावं लागतं. ते विचारतं, किती टक्के? मी तुमच्याकडे वळून बघितलं. तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे, हाताची घडी घालून. म्हणालात, "ऐंशी." मी आठ दाबला, शून्य दाबलं, आणि पलंग माझ्यासमोर आकसला. दुपारी तुमच्या घरून काकूंनी नेहमीसारखा डबा पाठवला, बोंबलाचं कालवण होतं, आणि मी ते चाटूनपुसून खाल्लं.

माझ्या बाबांना तुम्ही पाहिलंत. सहा फूट माणूस. छापखान्यात आयुष्यभर उभ्याने काम केलं, आणि चाळीतल्या आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत ते कधी सरळ झोपले नाहीत. पावसाळ्यात आत कोपऱ्याकोपऱ्यात तिरके, बाकी वर्षभर गॅलरीत. सकाळी नळावर जाणाऱ्या बायका त्यांचे पाय ओलांडून जायच्या. त्यांचं एकच मागणं होतं: रिटायर झालो की पलंग, आणि त्यावर दार लावून दुपारची झोप. रिटायर व्हायच्या वर्षभर आधीच त्यांनी चाळीच्या अंगणातल्या सुताराकडून सागवानी पलंग करून घेतला. मापासाठी ते स्वतः फळीवर आडवे झाले. सुताराने डोक्याच्या वर दोन बोटं सोडून पेन्सिलीची रेघ मारली, टाचेखाली दोन बोटं सोडून दुसरी. आम्ही सगळे हसत होतो आणि बाबा डोळे मिटून पडले होते. उठले तेव्हा म्हणाले, "एवढं ऐसपैस मी पहिल्यांदाच पडलो." तो पलंग मग वर्षभर गॅलरीत गोणपाट गुंडाळून भिंतीला उभा होता.

त्यांनी फ्लॅट बुक केला तो मला न सांगता. मला चकित करायचं होतं. भाईंदरच्या त्या बुकिंग ऑफिसात माझं चित्र लावलंय हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते आधी फक्त चित्र बघायला गेले. तुम्ही तिथे बसला होतात, बिल्डरच्या पुढच्या इमारतींची कामं मिळवायला. हे सगळं बाबांनीच मला नंतर सांगितलं, केवढ्या अभिमानाने. त्यांनी बेडरूमच्या चित्रासमोर उभं राहून तुम्हाला विचारलं, "सर, आमचा पलंग सव्वासहा फुटी आहे हो. बसेल ना?" आणि तुम्ही बिल्डरच्या देखत म्हणालात, "अहो, चित्र तुमच्या मुलीनेच काढलंय. ती चुकत नाही." बाबांनी तिथल्या तिथे सही केली. निघताना तुम्हाला म्हणाले, तिला सांगू नका. तुम्ही वर्षभर माझ्या खुर्चीमागे उभे राहत होतात, सर. वर्षभर माझ्याकडून चहा घेत होतात. मी रोज संध्याकाळी तुमच्यासमोरून त्याच घरी जायची जिथे पलंग गॅलरीत उभा होता, आणि तुमच्या तोंडातून एक शब्द फुटला नाही.

चाव्या मिळाल्या त्या दिवशी बाबांनी मला डोळ्यांवर हात ठेवून तिसऱ्या मजल्यावर नेलं. हात काढला, आणि मी खोली ओळखली. खिडकी ओळखली. मीच तिच्यातून ऊन सोडलं होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि बाबांना वाटलं मला आनंदाने रडू येतंय. दुपारी टेम्पो आला, चार हमालांनी पलंग वर चढवला. खोली साडेसात फुटी, दार अडीच फुटी. पलंग उभा लावला तर दार उघडत नाही, आडवा लावला तर कपाट ठेवता येत नाही. हमाल तो फिरवून फिरवून दमले. एक जण हिंदीत म्हणाला, "चाचा, ये रूम इस पलंग का नहीं है." दार काढून पडदा लावू म्हटलं तर समोरच संडासचं दार, आई म्हणाली, ते मला चालायचं नाही. बाबा मधे उभे होते, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं कोडं न सुटलेल्या माणसासारखं. म्हणाले, "चित्रात बसला होता की गं."

मी त्यांना सांगितलं नाही. आठवड्याने सुतार आला, त्याने सव्वा फूट लाकूड कापून काढलं, आणि पलंग पाच फुटांचा झाला. दार छान उघडायला लागलं. बाबा त्यावर नऊ वर्षं झोपले, गुडघे पोटाशी घेऊन, मुटकुळं करून. रविवारी दुपारी मी घरी असले की त्यांना बघायची. पाहुणे आले की ते अजून सांगायचे, "ह्या बिल्डिंगचं चित्र आमच्या मुलीने केलंय." मला वाटायचं, एकदा तरी माझ्या थोबाडीत मारा.

पलंग कापल्यावर थोड्याच दिवसांनी मी एक काम केलं, ते तुम्हाला आठवत असेल. एका सकाळी तुम्ही साइटवर गेला होतात. मी बाबांची बेडरूम खऱ्या मापाने बनवली. पलंग सव्वासहा. दार उघडं, अडीच फुटाचं. मशीनला काही पडलेलं नसतं, दार पलंगातून आरपार गेलं. आणि तुमचा नियम मोडून मी त्यात माणूस घातला. ठोकळे आणि नळकांडी जोडून केलेला, सहा फुटी, पलंगावर उताणा झोपलेला. चार वाजता चित्र पुरं झालं तेव्हाच तुम्ही जिना चढून आलात. बराच वेळ बघत राहिलात. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. खुर्ची ओढून बसेल, पाणी मागेल. तुम्ही वाकलात आणि म्हणालात, "उशीवर उजेड छान आलाय. ही सेटिंग लिहून ठेव."

मी विचारलं, "बाबांनी तुम्हाला विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं. आणि तुला सांगू नका असंही म्हणाले होते. मी शब्द पाळला."

"सर, मी पलंगाबद्दल बोलतेय."

"पलंगाबद्दल मी काय खोटं बोललो? चित्र तिने काढलंय म्हटलं." तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. "कुणी काढलं होतं?"

हे शेवटचं तुम्ही बोललात ना, ते माझ्या जिव्हारी लागलं. बाकीचं मी गिळलं असतं. वय झालेला माणूस, काम हातचं चाललंय, बिल्डरची भीती, असं काहीतरी स्वतःला समजावलं असतं. पण तुम्ही माझं बोट धरून तो आकडा दाबायला लावलात आणि मग बोट माझं म्हणून दाखवलंत. मी त्याच संध्याकाळी माझी पट्टी, माझा डबा, माझी चप्पल घेऊन खाली उतरले. खाली ताटं ठोकणं चालू होतं. त्या आवाजात मी मोठ्याने तुम्हाला शिव्या दिल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

मी डूख धरला, सर. लोक म्हणतात तसा नकळत वगैरे नाही, नीट ठरवून. मीरा रोडला एका झेरॉक्सवाल्याच्या मागे जागा घेतली, मशीन घेतलं, आणि तुमची गिऱ्हाइकं एकेक करून माझ्याकडे वळवली. त्यांना तुमच्यापेक्षा चांगला उजेड दिला. मी कुणाचाच पलंग कापला नाही असं नाही, बिल्डर मागायचे तेव्हा कापलाही. पण जिथे राहायला जाणारा माणूस स्वतः समोर येऊन बसायचा तिथे मी मापाने काढलं. तुमचं ऑफिस बंद झाल्याचं मला खालच्या गाळ्यातल्या कामगाराकडून कळलं. तुमच्या भिंतीतले खिळे उपटून विकले म्हणे. त्या दिवशी मी स्वतःसाठी आइस्क्रीम आणलं.

आणि मग एका सकाळी तुम्हीच काच ढकलून आत आलात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातात प्लॅनची गुंडाळी. तुम्ही बसलात, पाणी मागितलंत. जे पाणी तुम्ही तेव्हा मागायला हवं होतं ते आता मागितलंत. खारीतलं घर काकूंच्या माहेरचं, ते आता त्यांच्या भावांना हवं होतं. तुम्ही काशीगावच्या बाजूला फ्लॅट बघितला होता, पण काकू अडून बसल्या होत्या, त्या डब्यात मी जायची नाही म्हणून. "तू एक बेडरूमचं चित्र करून दे," तुम्ही म्हणालात. "फोटोसारखं. तिला ते दिसलं की ती येईल." मी प्लॅन उलगडला. खोली साडेसात. दार अडीच. मला हसू आवरेना, मी तोंडाला पदर लावला.

"काकूंचा तो मोठा पलंगच नेणार ना?"

"तोच. सव्वासहाचा. मला आकडे दिसत नाहीत आता. बसेल ना गं तिथे?"

इतकी वर्षं मी जे वाक्य जपून ठेवलं होतं ते मला शोधावंसुद्धा लागलं नाही. म्हटलं, "सर, चित्र मी काढणार आहे. मी चुकत नाही." तुम्ही माझ्या दिशेने तोंड केलंत. मग म्हणालात, "बरं."

ते चित्र मी जीव ओतून केलं. काकूंच्या आवडीचा मोरपिशी रंग चादरीला. खिडकीतून सकाळचं ऊन, पायथ्याशी सतरंजी, भिंतीवर त्यांच्या आईवडिलांचा फोटो ठेवायला जागा. माणूस नाही. सकाळी दहाला मशीन चालू केलं आणि दिवसभर दुसरं काम हातात घेतलं नाही, नुसती ओळी उतरताना बघत बसले. चार वाजता पलंग उमटला, पाच फुटांचा, आणि इतका देखणा की मलाच त्यावर झोपावंसं वाटलं. फोटो तुम्हाला दिला तेव्हा तुम्ही तो नाकापाशी नेलात, अंगठा पलंगाच्या कडेवरून एकदा फिरवलात, आणि खिशात घातलात. मला फक्त तुमच्या घरचा तो दिवस डोळ्यांसमोर दिसत होता: चार हमाल, फिरणारा पलंग, आणि मधे उभे तुम्ही. काकू तुम्हाला म्हणतील, चित्रात बसला होता की. काकूही त्याच खोलीत झोपणार आहेत हे माझ्या डोक्यात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. मी ते बाजूला सरकवलं, तुम्ही चुकलेला कागद सरकवायचात तसं.

तुम्ही राहायला गेलात असं कळलं. मी वाट बघितली, पण तुमचा काही निरोप आला नाही, तक्रार आली नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचंच कळलं. मी हार घेऊन गेले तेव्हा हॉलमध्ये इतकी माणसं होती की बेडरूमपर्यंत जाता आलं नाही. दार लोटलेलं होतं, एवढंच दिसलं. लोटलेलं म्हणजे लागत होतं, पलंग आड येत नव्हता. ते मला रात्रंदिवस कुरतडत राहिलं.

पाच-सहा महिन्यांनी काकू माझ्या ऑफिसात आल्या, रिक्षाने, एकट्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. "यो तुझा हाय. त्यांनी सांगलेला, माझे मागे तिला दे." माझा फोटो होता. मी चहा मागवला, त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि शेवटी राहवलं नाही तेव्हा विचारलं, "काकू, तो पलंग बसला का हो तिथे?"

"बसंल कसा?" काकू म्हणाल्या. "आमी तो तसा न्हेलाच न्हाय. तू फोटू दिलास त्याच दिशी ते भिंग घेऊन उंबऱ्याव उन्हात बसलं. टोकाचा कर्कटक घेऊन मापित व्हतं. मंग एकलंच हसलं. मी बोललू, काय झाला? तर काय न्हाय बोललं. दुसरे दिशी सुताराला बोलवला, आन बोललं, पाच फूट कर."

"तुम्ही का म्हणून विचारलं नाही?"

"इचारला ना. बोललं, चित्रात तवराच हाय." काकूंनी बशीत चहा ओतला. "पाय दुखायचं त्यांचं. मी आपली बुटकी, मना काय व्हतंय. पन कवा बोललं न्हाय."

काकू गेल्यावर मी फोटो सरळ धरला. मोरपिशी चादरीच्या वरच्या टोकाला कर्कटकाचं एक बारीक भोक, खालच्या टोकाला दुसरं. उजेडाकडे धरला तर दोन्हींतून ऊन येत होतं. मग उलटा केला. मागे, उजव्या कोपऱ्यात, लाल पेन्सिलीची बरोबरची खूण.

तुम्ही मला माझं उट्टंही काढू दिलं नाहीत. तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि तुम्ही आपणहून त्या पाच फुटांत जाऊन झोपलात. ते प्रायश्चित्त होतं की शेवटचा माज, हे मी इतक्या वर्षांत ठरवलेलं नाही, आणि ठरवून तुम्हाला मोकळंही करणार नाही. माफी मागायची होती तर माझ्या बाबांकडे यायचं होतंत. ते तेव्हा जिवंत होते, तिसऱ्या मजल्यावरच होते, आणि तुम्हाला चहा पाजून शिवाय खाली रिक्षापर्यंत सोडायलाही आले असते. तुम्ही त्यांच्याकडे गेला नाहीत. माझं चित्र तेवढं तपासलंत.

हे पत्र मी त्या फोटोबरोबर खणात ठेवणार आहे. ते कुणी वाचावं असं नाही. फक्त एक राहिलंय, ते लिहून टाकते, कारण ते बोलून दाखवायला मला कुणी नाही. ती लाल खूण दिसली तेव्हा मला आधी बाबा आठवायला हवे होते, त्यांचे पोटाशी घेतलेले गुडघे आठवायला हवे होते. ते नंतर आठवले. सगळ्यात आधी, सर, मला वाटलं होतं की घरी धावत जावं आणि आईला सांगावं.